तोंड खाली, पाठ वर

माझा जावई विमान चालवतो असं सांगितलं की समोरची बाई लगेच सावरून बसायची. मग विचारायची, "कुठल्या विमानावर?" आणि मला सांगावं लागायचं, सामानाच्या. की बाई परत टेकून बसली. त्या विमानात खुर्च्या नाहीत, चहा देणाऱ्या पोरी नाहीत. आहेत ती खोकी, पोती, औषधांच्या पेट्या. एकदा तर म्हणे नुसते टायर नेले. म्हणजे टेम्पोच की, फक्त आकाशातला. मी हे एकदा त्याच्या तोंडावर म्हटलं, तर हसला. म्हणाला, "बरोबर आहे सासूबाई. मला हॉर्न तेवढा दिलेला नाही." तो असाच. अपमान केला तरी अंगाला लावून घेत नाही, मग करणाऱ्याचाच उत्साह जातो.

उंचीला ताडासारखा. आमच्या कारखान्याचं दार ठेंगणं आहे. दर वेळी कपाळ आपटून आत येतो आणि आपटलं की दाराच्या चौकटीला "माफ करा" म्हणतो. कामावरच्या बाया त्याला लंबू म्हणतात. मी बायांना दटावते, आणि मनात मीही तेच म्हणते.

आम्ही रजया करतो. तळमजल्यावर कापूस पिंजायचं यंत्र. ते आमचे हे बघतात. हे बोलतात कमी, कारण यंत्र चालू असताना बोलून उपयोग नसतो, आणि यंत्र बंद झालं की मी बोलत असते. वरच्या खोलीत बाया टाके घालतात. त्यांच्यावर माझी नणंद. यजमान गेल्यापासून वन्सं आमच्याकडेच असतात. टाका एक सूतभर हलला तरी त्यांना दारातून दिसतो, आणि दिसला की अख्ख्या गल्लीला कळतो. त्याच्या वर गच्ची. रजई तयार झाली की तिला गच्चीवर ऊन दाखवायचं. त्याशिवाय आमच्याकडून माल बाहेर जात नाही, नाहीतर कापसात दमट वास राहतो.

आता हे ऊन दाखवण्याचं नीट सांगते, कारण पुढे त्याच्यावरूनच सगळं झालं. रजईला तोंड असतं आणि पाठ असते. तोंड म्हणजे रंगीत कापड, पाठ म्हणजे पांढरं अस्तर. गच्चीवर आधी धुतलेली चादर पसरायची, तिच्यावर रजई ठेवायची, तोंड खाली, पाठ वर. रंगीत कापडाला एकदा ऊन लागलं की ते विटतं, आणि विटलेली रजई गिऱ्हाईक हातातसुद्धा धरत नाही. माझ्या सासूबाईंनी मला हे शिकवलं ते कान धरून. मी बायांना शिकवलं ते बोलून. कानापेक्षा माझं बोलणं जास्त लागतं असं बाया म्हणतात. म्हणोत.

लंबू लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत आला तेव्हा त्याला कौतुक फार. "मी काय करू, मी काय करू" म्हणत मागे मागे. वन्सं म्हणाल्या, "जावईबापूंना गच्चीवर पाठवा, उंच आहेत, सूर्याच्या जवळचे." गेला. मी तासाभरानं वर जाऊन बघते तर निळ्या रजयांचा अख्खा गठ्ठा तोंड वर करून पसरलेला, आणि हा त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलेला. वर मलाच म्हणतो, "बघा सासूबाई, काय सुंदर दिसतंय. विमानातूनसुद्धा दिसेल!"

मी काय बोलले ते लिहीत नाही. पण खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला गाडी ढकलत पुढच्या कोपऱ्यावर गेला, एवढं सांगते. "जावई असाल तुम्ही घरात," शेवटी म्हटलं, "गच्चीवर तुम्ही कामगार आहात. उचला." त्यानं एकेक रजई उलटी केली. कान लाल, पण तोंडातून ब्र नाही. त्या दिवसापासून रजई म्हणून जे काही हातात धरायचा ते पसरण्याआधी मोठ्यानं म्हणायचा, "तोंड खाली, पाठ वर." मनी सांगायची, घरी पलंगावर चादर घालतानाही पुटपुटतो. मनी म्हणजे माझी लेक. लहानपणी मांजरीसारखी पायात घुटमळायची, तेव्हापासूनचं नाव. आता शाळेत शिकवते, पोरं तिला टरकून असतात, पण घरात मनीच.

तर डोंगरापलीकडच्या इस्पितळाची मागणी आली. तिकडचा रस्ता थंडीत बर्फानं बंद होतो, मग जे जायचं ते विमानानंच. त्यांना रजयांचं तोंड लालभडक हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगून पाठवलं होतं, आमच्याकडे खिडकीबाहेर सहा महिने पांढरंच दिसतं, आत तरी काहीतरी रंग असू दे. मला ते पटलं. कापड मी स्वतः निवडलं. आणि योग असा की ते विमान लंबूच नेणार होता. गठ्ठे बांधून होईपर्यंत इथंच उभा होता. "सासूबाई, तुमचा माल मी स्वतः पोचवतो, काळजी करू नका."

"माल वेळेत पोचू दे," मी म्हटलं. "तुम्ही सावकाश आलात तरी चालेल."

वन्सं हसल्या, तोही हसला. जाताना दाराला कपाळ लागलं, माफी मागितली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो माझ्याच हातात. पलीकडचा माणूस फार हळू बोलत होता. विमान पोचलेलं नाही, म्हणाला.

"पोचलं नाही म्हणजे? मग कुठं गेलं?"

तो म्हणाला, शोध सुरू केलाय. तेव्हा मला कळलं. मी भिंत धरली. वन्संनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्या माणसाला विचारायचं ते सगळं नीट विचारलं. एरवी ज्या बाईच्या तोंडाला मी वैतागते, तिचा त्या दिवशी मला आधार झाला. हे खालून आले, केसांत कापूस, आणि काही न बोलता माझ्या पायांत चपला सरकवल्या. म्हणजे जा. मनीला एकटी सोडू नकोस. एवढं मला त्यांचं कळतं.

डोंगराच्या पायथ्याला एक छोटा विमानतळ आहे. शोध तिथूनच चालला होता. आम्हाला धावपट्टीकडे तोंड करून असलेली खोली दिली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक बाक, भिंतीवर नकाशा, आणि कोपऱ्यात सारखा खरखरणारा रेडिओ. विमानात लंबूच्या बरोबर त्याचा जोडीदार, दुसरा वैमानिक होता, पंचविशीतला, गोलगुटगुटीत पोरगा. त्याची माणसं लांबची, ती अजून वाटेत होती. म्हणून त्या खोलीत मी आणि मनी दोघीच.

शोधपथकाचा साहेब आला. हडकुळा माणूस, झोप नसल्यानं डोळे तांबारलेले. पण वागायला सभ्य. उभ्यानं बोलला नाही, खुर्ची ओढून आमच्यासमोर बसला. म्हणाला, "मावशी, जे माहीत आहे ते सांगतो, जे माहीत नाही त्याचं खोटं सांगणार नाही." खिंडीच्या अलीकडे ढग एकदम खाली आले होते. त्यानंतर रेडिओवर विमानाचा आवाज बंद. खालच्या रस्त्यावर बर्फ काढणाऱ्या एका माणसानं एका दरीत घरघर ऐकली होती, मग धप्पकन काहीतरी. विमानात एक यंत्र असतं, पडलं की आपोआप हाक मारतं. ते गप्प होतं.

"म्हणजे मेलं?" मी विचारलं.

"यंत्र मेलं असेल," साहेब म्हणाला. "माणसांचं त्यावरून कळत नाही."

मला तो माणूस तिथंच आवडला.

मग त्यानं विचारलं, विमानात काय काय होतं? त्याच्याकडचा माणूस सांगू लागला, औषधं, कसलेसे सुटे भाग, रजया. मी उठून उभी राहिले. "रजया माझ्या आहेत."

"कुठल्या रंगाच्या?"

"लालभडक."

साहेबाचा चेहराच उजळला. "मावशी, याहून चांगली बातमी नाही. बर्फावर लाल रंग कुठल्या कुठून दिसतो. जरा शुद्धीवर असलेला माणूस पहिलं काम हेच करील, त्या बाहेर काढून पसरील."

"करील म्हणजे काय? पसरणारच," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. "माझ्या गच्चीवर शिकलाय तो. पसरण्यात त्याचा हात कुणी धरायचा नाही."

मनीनं माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर थोडं रक्त आलं.

त्या दिवशी ढग हलले नाहीत. हेलिकॉप्टर जागेवर उभं. दुसऱ्या सकाळी मात्र आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. हेलिकॉप्टर गेलं. आम्ही दोघी काचेला नाक लावून. परत आलं तेव्हा चालवणारा उतरला आणि साहेबाकडे बघून त्यानं नुसती मान हलवली. पुन्हा गेलं. पुन्हा तेच. दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं, म्हणाला. विमान पांढरं, ते बर्फात घुसलं असणार, वर नवा बर्फ पडलेला, ते दिसणार नाही हे कबूल. पण लाल ठिपका म्हणाल तर एक नाही.

साहेब परत खुर्ची ओढून बसला. आता त्याचा आवाज बदलला होता. बापासारखा झाला होता, आणि ते मला आवडलं नाही.

"मावशी, तुम्हीच म्हणालात, त्यांनी रजया पसरल्याच असत्या."

"असत्याच."

"मग एक तर विमान या दरीत नाही. किंवा..." त्यानं मनीकडे बघून पुढचं गिळलं. "दुपारी हेलिकॉप्टर पलीकडच्या दरीत नेतो. हवा परत बिघडायला लागलीय, वेळ थोडा आहे. दोन्हीकडे फिरणं जमायचं नाही."

तो गेला. मनी रडली नाही. ती बाकावर सरळ बसली होती, शाळेत बसावी तशी, आणि तिच्या हाताची बोटं हातात घेतली तर गारठलेली. झाडणाऱ्या बाईनं सकाळी तिच्या पायांवर घालायला एक फुलाफुलांची रजई आणून दिली होती. मनीनं ती काढून बाकाच्या पाठीवर टाकली होती, ऐन खिडकीत, तोंड उन्हाकडे.

आता मी सांगते ते खरं आहे, कुणाला पटो न पटो. माझा जावई डोंगरात, माझी लेक समोर अशी बसलेली, माझं स्वतःचं काळीज ठिकाणावर नाही, आणि माझे हात गेले त्या रजईकडे. उचलली, झटकली, उलटी केली, अस्तर उन्हाकडे करून नीट पसरली. कोपरेसुद्धा जुळवले.

"आई," मनी म्हणाली.

"काय गं?"

"तू आत्ता काय केलंस?"

"काय केलं? विटली असती ती. लोकांची वस्तू."

मनी उभी राहिली. माझ्या दोन्ही दंडांना धरलं. "आई, तो लाल बाजू वर करणारच नाही."

मला आधी उमगलंच नाही. मग उमगलं आणि मी साफ नाकारलं. "काहीतरीच बोलू नकोस. जीव वाचवायला पसरतोय माणूस. एवढा काही मूर्ख नाही तो."

"मूर्ख नाहीच आहे. तुझा जावई आहे!" मनी ओरडली. "पलंगावर चादर घालताना म्हणतो गं तो! झोपेत म्हणाला होता एकदा! तुझ्या रजयांना तो दुसरी बाजू वर करून हात लावेल असं वाटतं तुला?"

मी खिडकीतल्या त्या रजईकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. माझे हात जर असल्या वेळी ऐकत नाहीत, तर त्याचे काय ऐकणार होते?

आम्ही दोघी पळालो. माझं वय, माझे गुडघे, सगळं बाजूला ठेवून पळाले. हेलिकॉप्टरचं पातं फिरायला लागलं होतं आणि साहेब वाकून चालवणाऱ्याशी बोलत होता. मी त्याची बाही धरली. त्या आवाजात मी जे ओरडले ते माझ्या गच्चीवरच्या ओरडण्यासारखंच असणार, कारण चालवणाऱ्यानं यंत्र बंद केलं.

"पांढऱ्या आहेत!" मी म्हटलं. "वरून पांढऱ्या आहेत. लाल खाली आहे."

साहेबाला काय कळणार! मग मनीनं शिकवण्याच्या आवाजात पहिल्यापासून सांगितलं. तोंड, पाठ, गच्ची, निळ्या रजया, भाजीवाला, सगळं. हेलिकॉप्टरवाला तोंड वळवून हसला. साहेब हसला नाही. खालचा ओठ चिमटीत धरून उभा राहिला.

"म्हणजे बर्फावर पांढऱ्या रजया," तो हळूच म्हणाला. "दिसलं नाही, म्हणजे नाही असं ठरत नाही मग."

"नाही ठरत," मनी म्हणाली.

"पण पांढऱ्यावर पांढरं मी तुम्हाला शोधून देऊ शकत नाही, बाई. उंचावरून तर नाहीच." त्यानं वर सूर्याकडे पाहिलं. "किती जाड असतात तुमच्या रजया?"

"मी कापूस चोरत नाही," मी म्हटलं. "हात बुडेल एवढ्या."

"मग सावली पडेल. ऊन तिरकं झालं की कडेला रेघ उठेल." तो चालवणाऱ्याकडे वळला. "पलीकडची दरी राहू दे. ऊन उतरायला लागलं की याच दरीत जा. जमेल तेवढं खाली जा. रंग बघू नकोस. सरळ रेघा बघ. बर्फात आपोआप सरळ रेघ पडत नाही."

हे मला कधीच सुचलं नसतं. शिकलेला माणूस तो शिकलेलाच.

ऊन उतरेपर्यंतचा वेळ कसा गेला ते माझ्या लक्षात नाही. घरी फोन केला. वन्संनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वहिनी, जावईबापू परत आले की आपण दोघी त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही." मी म्हटलं, "तुम्हाला जमेल का?" त्या म्हणाल्या, "नाही. पण ठरवायला काय जातंय?"

हेलिकॉप्टर गेलं. साहेबानं आम्हाला रेडिओजवळ बसवलं. खरखर, खरखर, मग चालवणाऱ्याचा आवाज. काही नाही. पुढे सरकतोय. काही नाही. मनीनं माझा पदर मुठीत धरला होता, लहानपणी धरायची तसा.

मग आवाज म्हणाला, "रेघा आहेत."

साहेब उभा राहिला.

"चौकोन आहेत, साहेब. ओळीनं. एकाला एक लावून. कोपरे जुळवलेले."

"कोपरे," मनी म्हणाली.

"माणूस दिसत नाही. खाली जातोय. खाली जातोय..." आणि मग तो एकदम ओरडला. असा की साहेबानं दचकून हात मागे घेतला. "लाल! लाल झालं सगळं! आमच्या वाऱ्यानं उलटतायत, एकामागून एक, सगळी दरी लाल झाली!"

मी आयुष्यात पुष्कळ रजया पाहिल्या. त्या उलटताना मला पाहायला मिळाल्या नाहीत याची रुखरुख मरेपर्यंत राहणार.

"माणूस!" रेडिओ म्हणाला. "एक माणूस बाहेर आला. बुटका, गोल. हात करतोय. नाही, हात नाही करत. रजयांच्या मागे पळतोय." मग थोडं थांबून, बावचळल्यासारखा आवाज. "साहेब, तो त्या पकडून आणतोय आणि परत पालथ्या घालतोय."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे पाहिलं.

मनी रेडिओवर वाकली. साहेबानंच विचारलं, "दुसरा? दुसरा माणूस दिसतो का?"

खरखर. फार लांबली ती खरखर.

"विमानाच्या दारात कुणीतरी बसलंय. पाय लांब केलेला. बोट दाखवून त्या बुटक्याला काहीतरी सांगतोय. सारखा सांगतोय."

"तोच!" मनी म्हणाली. "तोच आहे तो!" आणि मग मात्र ती रडली. अशी रडली, अशी हसली की कुठलं काय ते कळेना. साहेबानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याच्यामागे गेले नाही. माणसाला थोडी जागा द्यावी.

विमानतळाजवळच्या इस्पितळात लंबूला भेटले ते दुसऱ्या दिवशी. नडगी मोडलेली, कपाळावर टाके. पलंग त्याला पुरला नव्हता, पाय पुढच्या स्टुलावर ठेवलेला. शेजारच्या पलंगावर जोडीदार, डोळ्यांवर पट्टी. बर्फाच्या झळाळीनं त्याचे डोळे सुजले होते, दोन-तीन दिवसांत उतरेल म्हणाले. मनी नवऱ्याच्या उशाशी बसली होती आणि त्याला काही बोलूच देत नव्हती, नुसता हात धरून.

लंबूनं मला पाहिलं. म्हणाला, "सासूबाई, माल पोचला नाही."

 सबंध वाटेत ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. "मालाचं मरू दे," म्हटलं. "तुम्ही विमान डोंगरावर घातलंत आणि मग वर रजया पालथ्या घातल्यात?"

वन्संनी फोनवर सांगितलं होतंच की जमणार नाही.

लंबूनं डोळे मिटले. कान लाल व्हायला लागले. मला ते कान बघून इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. "मी घातल्या नाहीत," तो म्हणाला. "मला उठताच येत नव्हतं. मी आतून फक्त सांगत होतो. यानं घातल्या."

"मला काय माहीत?" जोडीदार पट्टीआडून म्हणाला. "आमच्या प्रशिक्षणात रजयांचं काही नव्हतं. कॅप्टन आतून ओरडतायत, तोंड खाली, पाठ वर! तोंड खाली, पाठ वर! मला वाटलं, असेल संकटकाळचा काही नियम. पुढच्या परीक्षेला विचारतील. दोन्ही सकाळी त्यांच्यावरचा बर्फ झटकून परत घालत होतो, कोपरे जुळवून. नीट नसल्या तर कॅप्टन चिडायचे."

"आणि हेलिकॉप्टर दोनदा डोक्यावरून गेलं तेव्हा?"

"मी बाहेर येऊन हात केले, तोवर ते पुढे गेलेलं. कॅप्टन म्हणाले, दिसल्या कशा नाहीत? एवढ्या लाल!"

मनीनं कपाळावर हात मारला. लंबू डोळे न उघडता म्हणाला, "माझ्या डोक्यात त्या लालच होत्या. आत आम्ही अंगावर घेतलेल्या लालच दिसत होत्या ना. बाहेर काय दिसतंय ते मी पाहिलंच नाही. मी फक्त नीट घातल्यात की नाही ते विचारत होतो." मग एक डोळा उघडून, "ऊब मात्र होती सासूबाई. आम्ही मेलो नाही ते त्यामुळेच. डॉक्टरही म्हणाले. कापूस भरपूर आहे."

"कापूस मी चोरत नाही," मी म्हटलं, आणि मला एकदम खोकला आला म्हणून खिडकीपाशी गेले.

विमान का पडलं त्याची चौकशी झाली. ढग, वारा आणि एका इंजिनात साचलेला बर्फ, असं निघालं. लंबूनं तशातही विमान उतारावर पोटावर टेकवलं, म्हणून दोघं वाचले असं साहेबानं मला मुद्दाम फोन करून कळवलं. आकाशातला टेम्पो म्हणणं मी त्या दिवसापासून बंद केलं. निदान बाहेरच्यांसमोर. डोंगरापलीकडच्या इस्पितळासाठी आम्ही नव्या रजया केल्या आणि त्या दुसऱ्या विमानानं गेल्या. डॉक्टरीणबाईंना लालच हव्या होत्या.

लंबू आता आमच्याकडे आहे. पायाला प्लास्टर, जिना चढायला मनाई, म्हणून कारखान्याच्या मागच्या खोलीत पलंग टाकलाय. दाराला कपाळ लागायचा प्रश्न मिटला, कारण आडवाच असतो. त्याचे पाय कुठल्याच रजईत मावेनात, तेव्हा वन्संनी आपणहून त्याच्या मापाची एक लांबलचक कापायला घेतली. "जावईबापू, रंग कुठला?"

"कुठलाही," तो म्हणाला. "पण दोन्ही बाजूंनी एकच असू दे आत्याबाई. माझ्या जोडीदारासाठी पण एक तशीच करा."

बाया फिदीफिदी हसल्या. मी हसले नाही. असली रजई उन्हात कशी घालायची, हे मला अजून कळलेलं नाही. वन्संना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आधी शिवू तर दे, मग भांडू." शिवली. हिरवी आहे. बरी दिसते.

दुपारी मनी शाळेतून येते ती थेट त्याच्याकडे. वह्या तपासायला त्याच्या प्लास्टरवर ठेवते, लाल पेनानं खुणा करते, आणि तो पोरांनी लिहिलेली उत्तरं मोठ्यानं वाचून हसतो. मग ती ओरडते. मग तो म्हणतो, "आई, बघा हिला." सासूबाई म्हणायचं त्यानं कधी सोडलं ते माझ्या लक्षात आलं नाही. मीही टोकलं नाही. पाय बरा झाला की परत उडणार म्हणतोय. मनी म्हणते, उडू दे. हे यंत्राच्या आवाजातून माझ्याकडे बघून भुवया उडवतात, म्हणजे तू काय म्हणतेस?

मी म्हणते, आधी जेवा. ताटं वाढून ठेवलीत ती निवतायत.